दुर्मीळ नदीमाशांचे काचपेटीत जतन

तापी नदी मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. या वाटेत ती खानदेशाची भूमी भिजविते. ज्या खानदेशी कुटुंबांनी कामधंद्यासाठी सुरत गाठली, त्यांचे गाव आणि त्यांचे नवे शहर ही दोन्ही एकाच नदीच्या काठची आहेत. उधना, लिंबायत व पांडेसरा या भागांत मराठी भाषकांची मोठी वस्ती असून सुरत महानगरपालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. याच शहरात पाल भागात २०१४ साली महानगरपालिकेने जगदीशचंद्र बोस यांच्या नावे मत्स्यालय उभारले. तेथे गोड्या, मचूळ व खाऱ्या अशा तिन्ही प्रकारच्या पाण्यांतील मासे पाहावयास मिळतात. असे मत्स्यालय पाहून आल्यावर घरी किंवा शाळेत एखादी काचपेटी ठेवावी, अशी इच्छा मुलांच्या मनात उत्पन्न होणे स्वाभाविक आहे.

बाजारात मात्र काचपेटीसाठी मिळणारे बहुतेक मासे परदेशी असतात. गोल्डफिश मूळचा चीनमधील, गप्पी व एंजल हे दक्षिण अमेरिकेतील. आपल्या नदीतील लहान मासे हे जाळ्यातून वेचून टाकण्याचे किंवा फार तर कालवणाचे मासे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः या लहान माशांपैकी कित्येक जाती जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत, आणि त्यांतील काही आता संकटात आहेत. हौशी मत्स्यपालकाची काचपेटी अशा जातींच्या जतनास कितपत उपयोगी पडू शकते, तिची मर्यादा कोठे येते आणि हे काम कोणत्या शिस्तीने करावे लागते, याचा विचार या लेखात केला आहे.

नदीतील मासे का घटतात

गोड्या पाण्यातील माशाचे जीवन नदीच्या ऋतुचक्राशी बांधलेले असते. पावसाळ्याचे गढूळ पाणी आले की अनेक जाती प्रवाहाविरुद्ध वर चढतात, वाळूगोट्यांच्या उथळ जागी किंवा पाणवनस्पतींत अंडी घालतात आणि पाणी ओसरू लागले की पिलांसह डोहांत उतरतात. या साखळीतील एक कडी तुटली तरी पुढील पिढी उभी राहत नाही.

तापीवर काकरापार येथे १९५४ साली बंधारा झाला, तर उकाईचे मोठे धरण १९७२ साली पूर्ण झाले. सुरत शहरालगत सिंगणपोर येथेही बंधारा आहे. या बांधकामांनी शेतीस, उद्योगास व शहरास पाणी दिले, पुरावर काही अंशी नियंत्रण आणले. त्यांचे महत्त्व नाकारता येणार नाही. तथापि माशांच्या दृष्टीने वाहती नदी ही जलाशयांची मालिका बनली आणि वर चढण्याची वाट अडली. यात सांडपाणी, वाळूचा उपसा, बारीक आसाच्या जाळ्यांनी होणारी मासेमारी आणि बाहेरून आणलेल्या माशांची स्पर्धा यांची भर पडली. देशातील बहुतेक सर्व नद्यांची कहाणी थोड्याफार फरकाने अशीच आहे.

मोठ्या माशांची घट कोळी बांधवांच्या लगेच लक्षात येते, कारण तिचा परिणाम बाजारात दिसतो. बोटभर लांबीच्या माशाला बाजारभाव नसतो. तो नाहीसा झाला तरी त्याची दखल घेणारा कोणी नसतो. अशा माशाकडे दररोज लक्ष देणारा मनुष्य बहुधा एकच, तो म्हणजे हौशी मत्स्यपालक.

मराठी नावांची साक्ष

दख्खनमधील माशांचा पहिला शास्त्रीय अभ्यास कर्नल विल्यम हेन्री साइक्स या अधिकाऱ्याने केला. मुंबई सरकारच्या सेवेत सांख्यिकी निवेदक म्हणून काम करीत असताना त्याने भीमा, मुळा, मुठा इत्यादी नद्यांतील मासे गोळा केले आणि १८४० च्या सुमारास त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. त्याने अनेक माशांना स्थानिक कोळ्यांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत सापडलेल्या महसीरास त्याने ‘खुदरी’ हे नाव दिले; ते आजही जगभर ‘टॉर खुदरी’ म्हणून प्रचलित आहे. ‘कोळस’ हे नावही अशाच प्रकारे शास्त्रात कायम झाले आहे.

नव्या जातींचा शोध त्यानंतरही चालू राहिला. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे अभिरक्षक राहिलेले डॉ. बोमन छापगर यांनी साने यांच्यासमवेत १९९२ साली गोव्यातील एका लहान, सुंदर माशाचे प्रथम वर्णन केले. मुंबई राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक डॉ. सेटना यांच्या स्मरणार्थ त्यास ‘सेटनाय’ हे नाव देण्यात आले. इतक्या अलीकडे शास्त्रास परिचित झालेला हा मासा आज जागतिक संकटग्रस्त यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेला आहे. माशाचा परिचय होणे आणि तो संकटात येणे या दोन गोष्टींत किती थोडे अंतर असते, हे या उदाहरणावरून लक्षात यावे.

छंदाची हानिकारक बाजू

काचपेटीचा छंद आपोआप माशांच्या हिताचा ठरत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. केरळ व त्यालगतच्या कर्नाटकातील डोंगराळ ओढ्यांत अंगावर लाल व काळी रेघ असलेला एक देखणा मासा राहतो. फ्रान्सिस डे या शास्त्रज्ञाने १८६५ साली त्याचे वर्णन केले; व्यापारात तो ‘मिस केरळ’ या नावाने ओळखला जातो. १९९० नंतरच्या काळात परदेशी शौकिनांकडून त्यास मोठी मागणी आली आणि ती पुरविण्यासाठी ओढ्यांतून मासे पकडले जाऊ लागले. कोल्हापूर भागात व कर्नाटकात आढळणाऱ्या, अंगावर वाघासारखे पट्टे असलेल्या ‘बोटिया स्ट्रिएटा’ या लहान माशाचीही तीच गत झाली. २००५ ते २०१२ या आठ वर्षांत भारतातून ३० संकटग्रस्त जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातील मासे निर्यात झाल्याचे संशोधकांनी व्यापाराच्या नोंदींवरून दाखवून दिले आहे. वरील दोन्ही मासे त्यांत अग्रभागी होते.

येथे आणखी एक बोधप्रद गोष्ट घडली. लाल रेघेच्या माशाच्या रक्षणासाठी केरळ शासनाने २००८ साली निर्बंध घातले आणि जून, जुलै व ऑक्टोबर हे महिने मासेमारीस बंद ठेवले. पुढे प्रत्यक्ष अभ्यास झाला तेव्हा या माशाचा अंडी घालण्याचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते मार्च असा असल्याचे दिसून आले. म्हणजे हेतू चांगला असूनही नियम बऱ्याच अंशी भलत्याच महिन्यांस लागू झाला. माशाच्या जीवनक्रमाची माहिती नसेल तर कायदाही त्याचे पुरेसे रक्षण करू शकत नाही. नर-मादीची ओळख, अंडी घालण्याचा काळ, पिलांचे खाद्य या गोष्टी नदीच्या गढूळ पाण्यात दिसणे कठीण असते; काचेआड त्या दिसतात. हौशी पालक येथेच शास्त्रास साहाय्य करू शकतो.

पाच जोड्यांपासून नदीपर्यंत

हौशी पालकांनी एखादी जात वाचविल्याचे ठळक उदाहरण मेक्सिको देशातील आहे. तेथील हालिस्को प्रांतात तेउचित्लान नावाची लहान नदी आहे. तिच्यात ‘तेकिला मासा’ म्हणून ओळखला जाणारा, सात सेंटिमीटरपेक्षाही लहान मासा राहत असे. प्रदूषण व बाहेरून आलेल्या माशांची स्पर्धा यांमुळे तो आपल्या मूळ नदीतून नाहीसा झाला. परंतु युरोपातील काही हौशी पालकांनी आपल्या काचपेट्यांत त्याचा वंश टिकवून ठेवला होता. १९९८ साली इंग्लंडमधील एका पालकाकडून या माशाच्या ५ जोड्या मेक्सिकोतील मिचोआकान विद्यापीठाच्या जलसंशोधन केंद्रास मिळाल्या. इंग्लंडमधील चेस्टर प्राणिसंग्रहालयाने या कामास पाठबळ दिले.

पुढील वाटचाल संथ व पद्धतशीर होती. केंद्राने अनेक वर्षे हा वंश पेट्यांत वाढविला. २०१२ साली ४० जोड्या विद्यापीठाच्या उघड्या तळ्यांत सोडण्यात आल्या, जेणेकरून पिढ्यान्‌पिढ्या काचेत वाढलेल्या माशांना बदलते पाणी, परजीवी व शत्रू यांची सवय व्हावी. तेथे त्यांची संख्या हजारांत गेली. त्यानंतरच सुमारे १,५०० मासे मूळ नदीत सोडण्यात आले. नदीचे पाणी तपासणे, परक्या माशांवर लक्ष ठेवणे आणि काठच्या ग्रामस्थांना व शाळकरी मुलांना या कामात सहभागी करून घेणे ही कामे त्यासोबत चालू होती. मासा नदीत टिकून वाढत असल्याचे २०२१ साली जाहीर झाले.

या उदाहरणात हौशी पालकाचा वाटा आणि त्याची मर्यादा अशा दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात. त्याने वंश शुद्ध स्वरूपात टिकविला व योग्य वेळी संस्थेच्या हवाली केला. मासे नदीत सोडण्याचा निर्णय त्याने घेतला नाही; तो शास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या तयारीनंतर घेतला.

महसीराने दिलेला धडा

असा निर्णय पुरेशा माहितीअभावी घेतला तर काय होते, हे समजण्यास परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीने १९७० च्या सुमारास महसीराच्या कृत्रिम पैदाशीचे काम सुरू केले. डॉ. चं. वि. कुळकर्णी यांच्यासारख्या अनुभवी मत्स्यशास्त्रज्ञाचे मार्गदर्शन त्यास लाभले. खुदरी महसीराची अंडी फलित करून मत्स्यजिरे व बोटुकली वाढविण्याची पद्धत येथे बसविण्यात आली. पुढे हे बीज अनेक राज्यांतील जलाशयांत व नद्यांत गेले. खुदरी महसीर नामशेष होण्याची भीती दूर होण्यास या कार्याची मोठी मदत झाली. जागतिक यादीतही तो आता संकटग्रस्त वर्गात राहिलेला नाही.

मात्र याच बीजाचा काही भाग कावेरी नदीत सोडला गेला. कावेरीत पाठीवर उंचवटा असलेला, आकाराने प्रचंड वाढणारा वेगळा महसीर मूळचा राहत होता. दोन्ही महसीरच असल्याने एकाची भर दुसऱ्याच्या घरात घालण्यात धोका आहे, असे त्या काळी कोणास वाटले नाही. नव्याने आलेला खुदरी तेथे फोफावला, आणि मूळचा उंचवट्याचा महसीर झपाट्याने कमी होत गेला. त्याची शास्त्रीय ओळख २०१८ साली निश्चित होईपर्यंत तो अतिसंकटग्रस्त झाला होता. लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की, हा बदल उजेडात आला तो गळाने मासे धरून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदवह्यांमुळे. कोणत्या दिवशी, कोणत्या जातीचा व किती वजनाचा मासा मिळाला हे त्यांनी लिहून ठेवले नसते, तर ही घट कदाचित कळलीही नसती.

घरी व शाळेत पैदास कशी करावी

ज्यास हे काम शिकावयाचे असेल त्याने आरंभ दुर्मीळ माशापासून करू नये. शेपटीजवळ काळा ठिपका असणारे, बोटाएवढे खवलेदार मासे आपल्या ओढ्या-तळ्यांत विपुल असतात. त्यांच्यावर हात बसला की त्याच कुळातील दुर्मीळ माशांची पैदास करणे सोपे जाते.

पेटी : ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा पेटीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते, एका लहान गटास ती पुरेशी होते. पैदाशीसाठी दुसरी लहान पेटी वेगळी ठेवावी. पेटीवर थेट ऊन येऊ देऊ नये. सुरत व खानदेशातील उन्हाळ्यात पाणी तापून प्राणवायू कमी पडतो, म्हणून हवेचा पंप चालू ठेवावा आणि पेटी खोलीच्या थंड कोपऱ्यात ठेवावी.

पाणी : नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो व तो माशांच्या कल्ल्यांस घातक ठरतो. पाणी उघड्या भांड्यात हवेचा पंप लावून किमान एक दिवस ठेवावे आणि मगच वापरावे. आठवड्यातून एकदा सुमारे पाव हिस्सा पाणी बदलावे. एकदम सर्व पाणी बदलू नये, कारण मलमूत्रातील विषारी घटकांचे रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणू गाळणीत व तळाच्या रेतीत वाढलेले असतात.

जनक माशांची तयारी : नर व मादी आठ-दहा दिवस वेगळे ठेवून त्यांना डासांच्या अळ्यांसारखे जिवंत खाद्य द्यावे. मादीचे पोट भरलेले दिसू लागते. नर सडपातळ असून त्याचा रंग गडद होतो. मग संध्याकाळी त्यांना पैदाशीच्या पेटीत एकत्र सोडावे. तळाशी काचेच्या गोट्यांचा थर किंवा प्लॅस्टिकची जाळी अंथरावी आणि बारीक पानांची पाणवनस्पती ठेवावी. पाण्याचे तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस असावे. थोडे थंड, ताजे पाणी हळूहळू सोडल्यास पावसाचा भास होऊन मासे लवकर अंडी घालतात.

अंडी व पिले : हे मासे बहुधा सकाळी अंडी विखरून घालतात आणि लगेच ती खाऊ लागतात, यास्तव अंडी घालून होताच जनक मासे बाहेर काढावेत. गोट्यांच्या फटींत पडलेली अंडी सुरक्षित राहतात. एक ते दोन दिवसांत अंडी फुटतात. आरंभी जिरे आपल्या पोटाच्या पिशवीतील बलकावर जगतात व काचेस चिकटून राहतात. दोन-तीन दिवसांनी ते पोहू लागले की त्यांना सूक्ष्मजीवांचे पाणी द्यावे. केळीच्या सालीचा तुकडा तळ्याच्या पाण्यात काही दिवस कुजत ठेवल्यास असे पाणी घरीच तयार होते. सुमारे आठवड्यानंतर आर्टेमियाची ताजी पिले देता येतात. खाद्य थोडे व वारंवार घालावे. उरलेले खाद्य कुजून पाणी बिघडते आणि एका रात्रीत सर्व पिले दगावतात.

वंशशुद्धी व नोंदवही

दुर्मीळ जातीच्या बाबतीत नुसती पिले वाढविणे पुरेसे नाही. पुढील पथ्ये काटेकोरपणे पाळली तरच त्या वंशाचे मोल टिकते.

१. निरनिराळ्या नद्यांतून आलेले मासे, जात एकच असली तरी, एकत्र मिसळू नयेत. प्रत्येक नदीतील माशांची घडण थोडी वेगळी असते आणि पुढे त्याच नदीसाठी त्यांचा उपयोग व्हावयाचा असतो.

२. जवळच्या दोन जातींचा संकर होऊ देऊ नये. संकरित मासे दिसावयास सुंदर असले तरी जतनाच्या दृष्टीने निरुपयोगी होत.

३. एकाच जोडीच्या संततीतून पिढ्या चालविल्यास वंश दुर्बळ होतो. म्हणून चार-पाच पालकांनी मिळून एक जात सांभाळावी व पिलांची अदलाबदल करावी. एका घरी रोग आला किंवा वीज गेली तरी दुसऱ्या घरी वंश शिल्लक राहतो.

४. केवळ रंगासाठी निवड करू नये. अधिक लाल किंवा अधिक मोठे मासे निवडत गेल्यास काही पिढ्यांत बाजारी मासा तयार होतो, नदीचा उरत नाही.

५. प्रत्येक पेटीची नोंदवही ठेवावी. मासे कोठून व केव्हा आले, पाण्याचे तापमान, अंडी घातल्याची तारीख, जगलेली पिले, मृत्यू व त्याचे कारण आणि पिले कोणास दिली, हे सर्व त्याच दिवशी लिहावे. नोंद नसलेला मासा कितीही दुर्मीळ असला तरी संशोधनास व पुनर्वसनास त्याचा उपयोग होत नाही.

मासे आणावेत कोठून, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. शक्यतो दुसऱ्या पालकाकडे किंवा मत्स्यबीज केंद्रात जन्मलेले मासे घ्यावेत. अभयारण्यातील अथवा राष्ट्रीय उद्यानातील ओढ्यांतून परवानगीवाचून मासा पकडणे हा गुन्हा आहे. डांगमधील पूर्णा अभयारण्यासही हा नियम लागू आहे. इतर ठिकाणीही मत्स्यव्यवसाय खात्याच्या स्थानिक कार्यालयास विचारूनच पुढे जावे.

नदीत मासे सोडू नयेत

पेटीतील मासे फार झाले किंवा छंदाचा कंटाळा आला की ते नदीत अथवा तलावात सोडून देण्याची प्रवृत्ती आढळते. काहींच्या मते ते पुण्यकर्मही होय. वस्तुतः त्याहून घातक कृत्य दुसरे नाही. दक्षिण अमेरिकेतील खवलेदार कवचाचा सकर मासा काच साफ करतो म्हणून पेटीत आणला जातो. तो फूटभर वाढला की लोक त्यास पाण्यात सोडतात. आज महाराष्ट्रातील जलाशयांतही तो जाळ्यांत सापडतो, जाळी फाडतो आणि स्थानिक माशांच्या अन्नात वाटेकरी होतो. देशी मासा सोडणेही निर्धोक नाही, हे कावेरीच्या उदाहरणावरून स्पष्ट झाले आहे. पेटीतील रोगजंतूही माशाबरोबर नदीत जातात. नको असलेले मासे दुसऱ्या पालकास, शाळेस किंवा दुकानदारास द्यावेत. पेटीचे पाणी व वनस्पतीदेखील ओढ्यात टाकू नयेत.

मूळ काम नदीचे

काचपेटी ही माशाचे कायमचे घर होऊ शकत नाही. ती पडत्या काळातील आसरा आहे. तेकिला मासा नदीत परतू शकला, कारण त्याची नदी त्यास सामावून घेण्यास तयार करण्यात आली. नदी मेली तर पेटीतील वंश परतणार कोठे? म्हणून पेटीतील कामास नदीकाठच्या कामाची जोड असली पाहिजे. महाडजवळचे वाळण कोंड व वाडे तालुक्यातील वैतरणेकाठचे तिळसे येथे देवाचे मासे म्हणून महसीरांस कोणी हात लावत नाही. श्रद्धेने राखलेले असे डोह हीच खरी नैसर्गिक मत्स्यबीज केंद्रे होत. प्रत्येक गावास आपल्या नदीचा एखादा डोह, निदान पावसाळ्याच्या आरंभीचे दोन महिने, जाळ्यांपासून मुक्त ठेवता येईल. पंचायतीचा ठराव, कोळी बांधवांची संमती आणि शाळेची देखरेख एवढ्या बळावर हे काम होऊ शकते.

शिक्षकांसाठी उपक्रम

१. गावातील किंवा वस्तीतील वृद्ध कोळ्यांना भेटून त्यांच्या लहानपणी नदीत मिळणाऱ्या माशांची नावे लिहून घ्यावीत. आज त्यांपैकी कोणते मिळतात यावर खूण करावी. सुरतेतील मुलांनी आजी-आजोबांकडून तापीकाठच्या मूळ गावातील नावेही मिळवावीत.

२. वर्गात एका विपुल देशी जातीची पेटी ठेवून विद्यार्थ्यांकडे पाळीपाळीने नोंदवही द्यावी. वर्षअखेरीस तापमान व अंडी यांचा संबंध तक्त्यावर मांडावा.

३. मत्स्यालयाच्या सहलीत प्रत्येक माशाचे मूळ स्थान लिहून घ्यावे आणि त्यांपैकी आपल्या देशातील मासे किती, हे मोजावे.

४. ‘मासे वाढविणे चांगले, मग ते नदीत सोडणे वाईट का?’ या प्रश्नावर महसीराच्या उदाहरणाच्या आधारे विद्यार्थ्यांनी दहा ओळी लिहाव्यात.